जाड तारेचा आवाज

३ मार्च

ही वही ठकीच्या दुधाच्या वेळा लिहायला आणली होती. आजपासून मागच्या बाजूने मी लिहिणार. पुढून ठकी, मागून तिची आई. मधे कुठेतरी गाठ पडली की नवी वही आणू.

आज तेरा महिन्यांनी सरावाला गेले. टायरच्या दुकानावरची तीच खोली, भिंतींना ठोकलेल्या त्याच जुन्या गाद्या, तोच रबराचा वास. जिना चढताना वाटलं, परत फिरावं आणि सांगावं ठकीला ताप आहे. आठ महिन्यांच्या पोरीच्या नावावर खोटं बोलायची तयारी झाली होती माझी! पण वरून ठोक्याने पाहिलं, "आली रे आली, बाई आली!" म्हणत ड्रमवर दणका दिला. मग कसली पळतेय मी.

मास्तर की-बोर्ड वाजवतात आणि आम्हा पाचजणांना हाकतात. त्यांनी बातमी दिली. एकोणतीस तारखेला मोठं सभागृह, नऊशे खुर्च्या, आणि तिथेच रेकॉर्डिंग. मला म्हणाले, "तुझा तो पूर्वीचा आवाज पाहिजे. खोल, ऊबदार. अंगावर पांघरूण घातल्यासारखा."

बास गिटार वाजत असते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. ती थांबली की मात्र सगळी गाणी उघड्यावर पडतात. चार जाड तारा. त्यातली सगळ्यात जाड, ती माझी लाडकी. आज तिला हात लावला आणि आवाज आला तो पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा. खोल नाही, ऊब नाही, काही नाही. मी ॲम्प्लिफायरवरचा खालच्या सुरांचा नॉब वाढवला. अजून वाढवला. ठोक्या म्हणाला, "आज फारच दणदणीत मूड दिसतोय." त्याची बोच ही असली. 

निघताना मास्तर म्हणाले, "काळजी करू नकोस. शेंडीवाला आहेच, गरज पडली तर." शेंडीवाला म्हणजे हे तेरा महिने माझ्या जागी वाजवत होता तो. केस मागे बांधतो. वाजवतोही चांगला, मेला. "गरज पडली तर" हे चार वेळा आठवलं घरी येईपर्यंत.

६ मार्च

दोष तारांचा आहे. शेंडीवाल्याने माझ्या गिटारवर नव्या, चकचकीत, पीळ दिलेल्या तारा चढवून ठेवल्यात. असल्या तारा खणखणतात. मी बाजारात जाऊन गुळगुळीत, चपट्या आणल्या. त्या जुन्या झाल्या की आणखी गोड होतात, पण तेवढा वेळ कुठे आहे? गिटारच्या तळाशी, तारांखाली, भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा दाबून बसवला. गिटारवरचा टोनचा नॉब पूर्ण बंद केला. बोटांच्या टोकांनी वाजवायचं सोडून अंगठ्याच्या मांसल भागाने, गिटारच्या मानेजवळ वाजवून पाहिलं. हे सगळं करून दगडसुद्धा लोण्यासारखा वाजला पाहिजे.

डबाच.

ॲम्पचा नॉब आणखी वर नेला. पाच मिनिटांत दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकू. "अगं, काय चालवलंयस काय? कपाटात माझ्या कपबश्या नाचतायत!" काकूंना आमच्याकडे कुणी खुर्ची सरकवली तरी भूकंप होतो. मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "काय? जरा मोठ्याने बोल की." घ्या! कपबश्या ऐकू येतात आणि माणूस ऐकू येत नाही.

आई कोपऱ्यात ठकीला घेऊन बसली होती. आई म्हणजे माझी आई, ठकी झाल्यापासून आमच्याकडेच असते. तिला ऐकू येत नाही. मी झाले तेव्हा तिला ताप आला होता, त्यात कान गेले, असं घरात सांगतात. यंत्र आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून खणात पडलेलं असतं. तिने ठकीला खाली ठेवलं, उठून स्पीकरच्या पेटीवर तळहात टेकवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मी खुणेने विचारलं, काय? तिने मान हलवली, काही नाही.

९ मार्च

आज सापडलं! दुपारी ठकी झोपली म्हणून मी ॲम्पला न जोडता नुसतीच वाजवत होते. थकले होते. गिटारचं वरचं टोक छातीशी येतं ना, त्याच्यावर हनुवटी टेकवली आणि जाड तार छेडली.

बाई गं. आवाज आला. खरा आवाज. खोल, जाड, ऊबदार, सगळ्या डोक्यात भरून राहिलेला. तेरा महिन्यांपूर्वीचा. मी अर्धा तास तशीच टेकून वाजवत होते, डोळ्यांतून पाणी.

म्हणजे गिटार उत्तम आहे. तारा उत्तम आहेत. ॲम्पला जोडली की वाट लागते. तेव्हा दोष ॲम्पमध्ये, नाहीतर केबलमध्ये, नाहीतर पेटीतल्या स्पीकरमध्ये. इतकं साधं होतं आणि मी सहा रात्री तळमळत होते.

१० मार्च

केबल बदलली. फरक नाही.

आई हल्ली एक नवीनच करते. काही बोलायचं असलं की माझ्या अगदी समोर येऊन उभी राहते, तोंडासमोर तोंड. मी भाजी चिरत असले तर सुरी काढून घेते आणि मग बोलते. आज मी वैतागले. म्हटलं, "मला ऐकू येतं गं आई, ऐकू तुला येत नाही." तिला ते कळलं. ओठ वाचते ना ती. सुरी परत दिली आणि गेली. मला दिवसभर वाईट वाटत होतं.

११ मार्च

आज जे झालं ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

ॲम्पमधून घूं असा आवाज येतोय हे दोन दिवस लक्षात येत होतं. बारीक, सतत. खराब अर्थिंगचा येतो तसा. मनात म्हटलं, सापडला चोर. ॲम्प बंद केला. घूं चालूच. प्लग काढला. चालूच. मग वाटलं फ्रिज असेल. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. शेवटी दाराजवळ जाऊन मेन स्विच खाली ओढला. घर एकदम गप्प झालं.

घूं चालूच.

भर दुपारी, स्वच्छ उजेडात, मी मेन स्विचला हात लावून उभी. खालच्या काकूंची मोटर असेल म्हणून जिन्यात गेले. तिथेही तेवढाच. जितका घरात, तितकाच जिन्यात. लांब गेलं की आवाज कमी होतो ना? हा होत नव्हता.

परत येऊन स्विच वर केला आणि ठकीला घट्ट धरून बसले. झोप कमी पडतेय, दुसरं काय असणार.

१२ मार्च

कानांत काही नाही! पुरावा मिळाला. संध्याकाळी नवऱ्याबरोबर बाजारात गेले होते. काय ती गर्दी, हॉर्न, ओरडाआरडा. आणि त्या गोंधळात त्याचा शब्दन् शब्द मला स्वच्छ ऐकू येत होता. घरातच तो पुटपुटतो. घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, "बाजारात बोलतोस तसं घरी का नाही बोलत?" तो म्हणाला, "बाजारात मी बोंबलत होतो गं." मग घरी बोंबलायला काय होतं?

 "एकदा कान दाखवूया का?" असं तो अगदी हलकेच म्हणाला. मी एवढी अंगावर गेले त्याच्या की बिचारा आंघोळीला निघून गेला. एकोणतीस तारीख सतरा दिवसांवर आलीय आणि हा डॉक्टरांचं बोलतोय. कान दाखवायचे आणि डॉक्टरांनी काही सांगितलं तर? मग काय करायचं?

हे शेवटचं वाक्य का लिहिलं माहीत नाही. खोडत नाही.

१४ मार्च

सराव. सगळं बिघडलं.

शेंडीवाला "सहज" येऊन बसला होता, गिटार घेऊन. सहज कुणी गिटार घेऊन येतं का?  जाड तारेचा आवाज येईना म्हणून मी नॉब शेवटपर्यंत फिरवला. दुसऱ्या गाण्यात स्पीकरची पेटी फडफडायला लागली. ते मात्र मला छान ऐकू आलं. मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यांचा राग नाकावर नसतो, आज होता.

"तुला काय झालंय? भिंती हलतायत! गाणं ऐकू येत नाहीये बाकीच्यांना."

"मास्तर, आवाज पातळ येतोय," मी म्हटलं.

"काय?"

"पातळ येतोय!"

कुणी हसलं नाही. ठोक्या काठ्या मांडीवर ठेवून खाली बघत होता. हसला असता तर बरं झालं असतं. मास्तर म्हणाले, "ॲम्प मिस्त्रीकडे टाक. तोवर हा वाजवेल." आणि शेंडीवाल्याने माझ्या जागेवर उभं राहून गिटार जोडली. तीच खोली, पेटी मास्तरांची जुनी. मी जिन्याच्या दारात उभी राहून ऐकलं. त्याचाही आवाज डब्यासारखाच. मला इतका आनंद झाला की मी लाज सोडून हसले. त्याचाही पातळ आहे! मग सगळे माना का डोलावत होते?

१६ मार्च

मिस्त्रीच्या दुकानातून आत्ता आले. लिहून टाकते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

मिस्त्री म्हातारा आहे, शहरातले सगळे ॲम्प त्याच्या हाताखालून गेलेत. त्याने माझा ॲम्प उघडला, मीटर लावला, एकेक सांधा तपासला. मग पेटीची पुढची जाळी काढली. आतला काळा कागदी पडदा उघडा दिसायला लागला. त्याने सूर काढायचं एक छोटं यंत्र जोडलं. त्याची चकती फिरवली की सूर वर जातो, उलटी फिरवली की खाली.

"ताई, मी खाली खाली आणतो. बंद झाला की सांगा," तो म्हणाला.

सूर खाली येत गेला. विरळ झाला, मग गेला. मी म्हटलं, "बंद झाला."

 मिस्त्रीचं बोट चकतीवर तसंच होतं. मी पेटीकडे पाहिलं. तो काळा पडदा थरथरत होता. डोळ्यांना दिसत होता. आत बाहेर, आत बाहेर, आणि पेटीवर ठेवलेला एक छोटा स्क्रू टेबलाच्या दिशेने सरकत होता.

"बंद केलंत ना तुम्ही?" मी विचारलं.

त्याने माझा हात धरला आणि पडद्याजवळ नेला. बोटांना गुदगुल्या झाल्या. वारा लागत होता.

"ताई," तो म्हणाला, "पेटी बरी आहे."

त्याने पैसे घेतले नाहीत. मी ॲम्प तिथेच सोडून आले.

१७ मार्च

काही नाही.

१८ मार्च

आईसारखी होणार मी. लग्नकार्यात भिंतीकडेच्या खुर्चीत बसणार, सगळे हसले की दोन क्षण उशिरा हसणार. लोक माझ्याशी बोलताना आधी सुस्कारा सोडणार. मला सगळं माहीत आहे, कारण मीच ते केलंय. शाळेत मैत्रिणी घरी आल्या की मी "आई झोपलीय" सांगायचे. सगळे जेवताना कशावर तरी हसले की आई माझा हात हलवून विचारायची, काय झालं? मी म्हणायचे, "नंतर सांगते." नंतर कधी सांगितलं? एकदाही आठवत नाही.

नवऱ्याला सांगितलं. त्याने फोन उचलून उद्याची वेळ घेतली. "मी सांगत होतो" असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर भांडायला तरी मिळालं असतं.

१९ मार्च

कानांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, हात फार गार. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. मग त्यांनी स्टीलचा एक दुबोटी काटा ठोकला आणि कानासमोर धरला. लांबून काहीतरी आल्यासारखं वाटलं. मग तोच काटा त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवला.

डोकं भरून आवाज. खोल. जाड. मी खुर्चीतच रडायला लागले, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता. गिटारवर हनुवटी टेकवली की यायचा तो. त्या दुपारी मला वाटलं होतं मला चोर सापडला. चोर माझ्याच हनुवटीच्या चार बोटं वर बसला होता.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कानात तीन छोटी हाडं असतात. शेवटचं तांदळाच्या दाण्याहून लहान. ते आखडलंय, हलत नाही. आधी खालचे सूर जातात. आतली नस चांगली आहे, म्हणून हाडावाटे ऐकू येतं. तो घूं त्याचाच. गोंगाटात बरं ऐकू येणं, स्वतःचा आवाज बारीक होणं, तेही त्याचंच. बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांचं वाढतं.

"यंत्र लावता येईल," त्या म्हणाल्या. "बोलणं चांगलं ऐकू येईल. तुमच्या त्या जाड तारेचं सांगता येत नाही. ऑपरेशन केलं तर ते हाड काढून तिथे एक बारीक पिन बसवतो. बहुतेकांना ऐकू येतं."

"बहुतेकांना?"

"शंभरात एखाद्याचा तो कान पूर्ण जातो."

मला जन्मात कधी बक्षीस लागलेलं नाही. पण असल्या सोडतीत नंबर माझाच लागणार, ही खात्री.

मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

मी म्हटलं, "आईला. मी झाले तेव्हापासून." आणि म्हणता म्हणताच मला कळलं की ताप बीप काही नव्हता. मग दुसरं कळलं, ते जास्त वाईट. ठकी.

डॉक्टरीणबाईंना ठकीचं विचारलं. "होईलच असं नाही," त्या म्हणाल्या. "पण लक्ष ठेवा." घरी येईपर्यंत मी नवऱ्याचा शर्ट मुठीत धरून होते.

२० मार्च

दुपारी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, तोंडासमोर तोंड, आणि सांगितलं.

तिने हातातलं दुपटं पूर्ण घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"ठकी दोन महिन्यांची होती. तू माझ्या ओठांकडे बघायला लागलीस. आधी कधी बघायची नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की खरं झालं असतं."

आईचा आवाज बारीक आहे. फार पुढे वाकल्याशिवाय मला पोचत नाही. मी वाकले होते. विचारलं, "तुला ऑपरेशन सांगितलं होतं का गं कुणी?"

"हो. तू वर्षाची होतीस."

"मग केलं का नाहीस?" मला राग आला होता. तीस वर्षांचा. एवढं सोपं होतं आणि हिने कंटाळा केला, आणि मी मैत्रिणींशी खोटं बोलत राहिले.

आई म्हणाली, "तेव्हाही म्हणाले, शंभरातल्या एखाददुसरीचा कान जातो. मला माणसांचं बोलणं येत नव्हतं. ह्यांचा आवाज तर अजिबात नाही. पण तुझं रडणं बारीक, उंच, अगदी कान टोचणारं. तेवढं यायचं. सगळ्या घरातलं तेवढं एकच यायचं मला. तेही गेलं असतं तर? हे दिवसभर कामावर. तू पाळण्यात रडतेयस आणि मी शेजारी बसून भाजी निवडतेय, असं डोळ्यांसमोर यायचं. मी भ्याले. मग तू मोठी झालीस, रडायची थांबलीस. तोवर सवय झाली होती."

 ठकी उठली आणि रडायला लागली. आम्ही दोघींनी एकदमच मान वळवली. आईने ओल्या डोळ्यांनी हसून म्हटलं, "बघ. येतं."

२३ मार्च

मास्तरांना सांगितलं. ठोक्याही होता. मी तयारी करून गेले होते, की रडायचं नाही. गिटार शेंडीवाल्याला द्यायची आणि यायचं. मास्तर बराच वेळ की-बोर्डच्या पट्ट्या फडक्याने पुसत राहिले.

"म्हणजे तू हे पंधरा दिवस जवळजवळ न ऐकता वाजवलंस?"

"हो."

"सूर एकही चुकला नाही."

"आवाज हत्तीचा होता," ठोक्या म्हणाला, "पण हत्ती सुरात होता."

मी हसले आणि मग रडलेच. ठरलं ते असं. मी वाजवणार. मिस्त्री येऊन आवाज लावणार आणि नॉबवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा करणार. त्या खुणांच्या पुढे मी हात लावायचा नाही. शेंडीवाला पडद्यामागे गिटार लावून बसणार. मास्तर म्हणाले, "नऊशे लोक आहेत, मला धोका घेता येत नाही." बरोबरच आहे. तरी जीव टांगणीला लागला तो लागलाच.

३० मार्च

झालं काल.

मिस्त्रीने सभागृहात दोन तास घालवले. शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन ऐकून आला आणि प्रत्येक नॉबवर खूण केली. "ताई, हा तुमचा आवाज आहे. मी ऐकलाय. माझ्यावर भरवसा ठेवा." मी तार छेडली. डबा.

त्या डब्यावर मी दोन तास वाजवलं. एवढी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती. दर गाण्याला वाटायचं, मिस्त्री म्हातारा आहे, त्याचेच कान गेले असतील. हात नॉबकडे गेला. दोनदा गेला. दुसऱ्यांदा पट्टीला बोट लागलंही होतं. पडद्याच्या फटीतून शेंडीवाला बघत होता, गिटार गळ्यात. त्याने हळूच मान हलवली, नको. त्याला हवं असतं तर तो गप्प बसला असता. माणूस बरा आहे तो, मेला.

मग मी ठोक्याच्या पायाकडे बघून वाजवलं. त्याच्या मोठ्या ड्रमचा दणका पायाखालच्या फळ्यांतून येत होता, त्याला धरून राहिले. संथ गाणं आलं तेव्हा धीर संपला. खाली वाकून गिटारवर हनुवटी टेकवली. तिथे होता तो, जागच्या जागी. डोळे मिटून सबंध गाणं तसंच वाजवलं. लोकांना वाटलं बाई रंगलीय. बाई टेकली होती.

आई तिसऱ्या रांगेत होती. तिने पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही तळहात पसरून ठेवले होते. मी तिच्याकडे बघितलं की ती मान हलवायची. येतोय.

संपल्यावर मास्तर जवळ आले आणि कानाशी मोठ्याने फक्त एवढंच म्हणाले, "पांघरूण." मला ते पांघरूण मिळालेलं नाही. सगळ्यांना मिळालं.

१४ एप्रिल

सकाळ. शेवटी ऑपरेशनच ठरवलं, अकराला दवाखान्यात पोचायचंय. आधी उजवा कान. 

काय काय ऐकू येतं ते मोजून घेतेय. नळ. कुकरची शिट्टी. नवरा दुसऱ्या खोलीत काही तरी शोधतोय, ते नाही. आई, अजिबात नाही. ठकी, हो. मघाशी ती उठून रडायला लागली, आणि मी उचललं नाही. जवळ उभी राहून ऐकत राहिले. नवरा धावत आला, "अगं घे ना तिला!" मी म्हटलं, "थांब जरा." त्याला कळलं असावं, तो दारातच थांबला. आई पण थांबली. ठकी तेवढी चिडली.

आई समोर येऊन उभी राहिली. "भीती वाटतेय?"

"फार."

"वाटू दे. जा."

२३ एप्रिल

काल कानातला बोळा काढला. तोंडात नाणं चघळल्यासारखी चव आहे, चक्कर येते. ऐकू येतंय, पण सगळं कर्कश, पातळ. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर कौलं फुटल्यासारखं वाटतं. घाबरून विचारलं, "हे असंच राहणार?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभर धीर धरा. गिटारला हात नको, मोठा आवाज नको.

महिनाभर! रोज सकाळी उठून घूं ऐकते. आहे, पण लांब गेलाय. की मीच स्वतःची समजूत घालतेय?

२४ मे

आज परवानगी मिळाली. डाव्या कानात कापूस घातला, मिस्त्रीकडून आलेला ॲम्प जोडला. आई ठकीला घेऊन पेटीला टेकून बसली.   नॉब मिस्त्रीच्या खुणांवर. जाड तार छेडली.

आला.

आधी वाटलं हनुवटी टेकलीय. नव्हती. मी ताठ उभी होते आणि आवाज बाहेरून, पेटीतून, फरशीवरून येत होता, सगळी खोली भरून, मऊ.  मग चेष्टा म्हणून नॉब हळूच माझ्या मार्चमधल्या जागेवर नेला आणि एकदाच, अगदी हलकं छेडलं. बाप रे! खिडकीच्या काचा बोलल्या. खालून काकूंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. काकू, तुमच्या सगळ्या कपबश्यांची माफी मागते.

खुणेवर परत आले आणि वाजवत बसले. तेव्हा कुणीतरी बोललं. पुरुषासारखा खालचा, जरा खरखरीत, पण गोड आवाज. मी दाराकडे बघितलं. कुणी नव्हतं.

आई बोलत होती. तळहात पेटीवर, मान खाली, ठकीला सांगत होती, "हे बघ, आईची तार. हे बघ."

आईचा आवाज असा आहे? मला वाटायचं तो बारीक, किरटा. त्याचा सगळा खालचा भाग मला पोचतच नव्हता, कधीपासून कोण जाणे. लहानपणी पोचत असणार. तेव्हा मी तो ऐकला नाही, "नंतर सांगते" म्हणून निघून गेले.

मी गिटार बाजूला ठेवली आणि तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "आई, डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी. तुझंही होईल म्हणतात. मंगळवारची वेळ घेतलीय."

तिचा चेहरा एकदम उतरला. मी तिचे हात धरले. "आता कशाला गं? या वयात मला काय ऐकायचंय?"

"मी नंतर सांगते म्हणाले होते, ते सगळं."

ती ओठांकडे बघत होती, पण ठकी मधे आली आणि तिचं चुकलं. "काय?" तिने विचारलं.

मी ठकीला मांडीवर घेतलं, आईच्या तोंडासमोर तोंड आणलं, आणि पुन्हा सांगितलं.